सरांनी चित्र दिलं, पण चिठ्ठी कुठे आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "अकरा वर्षं मी एका चित्रकाराच्या स्टुडिओत सहाय्यक आहे. माझ्याकडे त्यांची एकतीस कामं जमली आहेत. काही वाढदिवसाला मिळाली, काही पगार थकला तेव्हा पगाराऐवजी, तीन मी पैसे देऊन घेतली, आणि सात-आठ त्यांनी टाकून दिलेली मी उचलून आणली. माझ्या हातांचं कोळशातलं एक रेखाटन आहे, त्यावर सहीसुद्धा नाही. सर आता बहात्तर वर्षांचे आहेत. याचा रीतसर संग्रह करायचा तर कुठून सुरुवात करू? आणि सरांकडे हा विषय काढणं बरं दिसेल का?"

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकी सगळं त्याच्यावर अडलेलं आहे. विषय काढा. याच महिन्यात काढा. बरं दिसेल की नाही या विचारात मी चौदा वर्षं घालवली. मीही तुमच्यासारखीच एका चित्रकाराकडे होते. पुढची वीसेक वर्षं इतरांच्या संग्रहांच्या नोंदी ठेवण्यात गेली. आमचे सर गेल्यानंतर चार महिन्यांनी त्यांच्या घरच्यांच्या वकिलाचं पत्र आलं: 'आपल्या ताब्यात असलेली सात कामं.' पाचांचे कागद माझ्याकडे होते. दोनांचे नव्हते, ती परत केली. त्यातलं एक शाईचं वॉश होतं, म्हणजे पाणी घातलेल्या पातळ शाईचं चित्र. ते होताना मी शेजारी उभी होते, शाईची वाटी माझ्याच हातात होती. पण मी तिथे होते हे सांगायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. घरच्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

त्यांना असा संशय का येतो, हे समजून घ्या. २०१० साली फ्रान्समधला एक निवृत्त इलेक्ट्रिशियन पिकासोच्या वारसांकडे गेला. त्याच्याकडे पिकासोची २७१ कामं होती, आणि ती अस्सल असल्याचा दाखला त्याला हवा होता. पिकासोच्या घरी वायरिंगचं काम केलं तेव्हा ती भेट मिळाली, असं त्याचं म्हणणं. सुमारे चाळीस वर्षं ती गॅरेजमध्ये पडून होती. कामं अस्सल होती, पण भेटीचा पुरावा काहीच नव्हता. वारसांनी तक्रार केली. २०१५ मध्ये तो आणि त्याची बायको चोरीचा माल बाळगल्याबद्दल दोषी ठरले. मधल्या काळात वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला, तरी २०१९ मध्ये शिक्षा पुन्हा कायम झाली. दुसरं प्रकरण तर थेट आपल्या धंद्यातलं. अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्सकडे पंचवीसहून अधिक वर्षं काम केलेल्या सहाय्यकाने स्टुडिओतली २२ अपुरी कामं बाहेर नेली आणि 'कलाकाराने मला भेट दिली' असं सांगून विकवली. स्टुडिओच्या नोंदवहीची खोटी पानंही बनवली. २०१५ मध्ये त्याला दीड वर्षाची कैद झाली. तेव्हापासून 'सहाय्यकाला मिळालेली भेट' असं लिहिलेलं काम समोर आलं की जाणकार लिलावगृह आधी मागची बाजू पाहतं आणि मग कागद मागतं. तुम्ही कितीही सरळ असलात तरी या दोघांच्या करणीचं ओझं तुमच्या एकतीस कामांवर आहेच.

तेव्हा पहिलं काम म्हणजे ढीग वेगळे करा. एकतीस कामं हा आकडा विसरा. तुमच्याकडे चार वाटांनी आलेली चार प्रकारची कामं आहेत आणि प्रत्येकाची मालकी वेगळ्या रीतीने सिद्ध होते.

भेटींपासून सुरू करा. प्रत्येक कामाचा पुढून आणि मागून फोटो काढा. तो साध्या कागदावर छापा आणि खाली लिहा: काय आहे, कशावर आहे, माप (आधी उंची, मग रुंदी), कोणत्या वर्षी केलं, कोणत्या दिवशी तुम्हाला दिलं. मग एकच ओळ: 'हे काम मी अमुक यांना भेट दिलं असून ते त्यांच्या मालकीचं आहे.' खाली सही आणि आजची तारीख. आजचीच. मागची तारीख टाकून घेऊ नका, सर स्वतःहून म्हणाले तरी नको. जुनी भेट आज नोंदवली यात गैर काही नाही. जुन्या तारखेचा कागद नव्या शाईत सापडला तर मात्र बाकीच्या तीस कागदांवरचाही विश्वास उडतो. कोणत्या वर्षी दिलं ते नक्की आठवत नसेल तर 'अंदाजे' लिहा. अंदाज लिहिलेला माणूस खरा वाटतो. वकील गाठून स्टॅम्पपेपर वगैरे करायचं की नाही हे नंतर ठरवा. आधी हा कागद होऊ द्या.

सांगायचं कसं, यावर तुम्ही अडणार, मला माहीत आहे. 'सर, तुमच्या पश्चात...' अशी सुरुवात करू नका. 'सर, माझ्याकडच्या कामांची यादी करतोय, तारखा चुकू नयेत म्हणून जरा बघता का?' एवढंच म्हणा. हे खोटंही नाही. बहुतेक कलाकारांना आपली जुनी कामं पुन्हा बघायला आवडतं. आमचे सर एका छोट्या कॅनव्हासकडे बघून म्हणाले होते, "हे मी तुला दिलं? वेडा होतो का मी?" आणि मग हसत सही केली. ते कागद झाले ती पाच कामं वाचली. उरलेली दोन त्या दिवशी फ्रेमवाल्याकडे होती, 'पुढच्या वेळी' म्हणून राहिली. पुढची वेळ आलीच नाही.

पगाराऐवजी मिळालेल्या कामांना 'भेट' म्हणू नका. हा तुमच्या मेहनतीचा मोबदला आहे आणि कायद्याच्या नजरेत तुमची बाजू इथे भेटीपेक्षा भक्कम आहे. फक्त दुवा जोडावा लागतो: कोणत्या महिन्यांचा पगार, किती, आणि त्याच्या बदल्यात कोणतं काम. बँकेच्या उताऱ्यात ते महिने रिकामे दिसत असतील तर तो उतारा कामाच्या फाइलला लावा. एक कडू गोष्टही आहे. पैशाऐवजी वस्तू मिळाली तरी बहुतेक ठिकाणी करखातं ते उत्पन्नच धरतं. हिशेबनीसाला एकदा दाखवून घ्या. विकत घेतलेल्या तिघांचं फारसं सांगायला नको. पावती शोधा. नसेल तर पैसे गेल्याची नोंद शोधा आणि त्यावर सरांची सही घ्या.

टाकून दिलेल्या कामांबद्दल मात्र मी कडक आहे. जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टरच्या घराबाहेरच्या रद्दीच्या डब्यातून एकाने चार रेखाटनं उचलली आणि ती विकायला नेली. २०१९ मध्ये कोलोनच्या न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दंड केला. डब्यात टाकलं म्हणजे मालकी सोडली, हा त्याचा बचाव टिकला नाही. तुमचं प्रकरण चोरीचं नाही, तुम्ही घरचेच. पण न्यायालय बाजूला ठेवलं तरी मुद्दा उरतोच. फेकणं हासुद्धा कलाकाराचा निर्णय असतो. काय ठेवायचं हे तो जितका विचार करून ठरवतो तितकाच काय फाडायचं हेही ठरवतो. ती सात-आठ कामं सरांसमोर मांडा आणि सांगा, ही मी उचलली होती. एखाद्यावर ते सही करतील, एखादं परत मागतील, दोन फाडतील. फाडू द्या. माझ्याकडे असं एकच आहे. त्याच्या मागे सरांच्या अक्षरात 'रद्द' लिहिलंय. विकायला त्याची किंमत शून्य. पण त्या वर्षी ते हिरव्यावरून राखाडीवर का गेले हे त्या तुकड्यात जितकं स्वच्छ दिसतं तितकं एकाही पुऱ्या कामात दिसत नाही. म्हणून ते संग्रहाच्या यादीत नाही. अभ्यासाच्या फाइलमध्ये आहे.

सर छापकाम करत असतील तर आणखी एक गोष्ट. प्रिंटच्या दुनियेत मदतनिसाला वाटा देण्याची जुनी रीत आहे. आवृत्तीच्या क्रमांकाबाहेर मुद्रकासाठी एक-दोन प्रूफ काढली जातात, त्यावर तसं पेन्सिलने लिहिलेलं असतं. 'याप्रमाणे छापा' असं कलाकाराने मान्य केलेलं प्रूफही बऱ्याचदा मुद्रकाकडे राहतं. तुमच्याकडच्या एखाद्या प्रिंटवर आवृत्तीच्या क्रमांकाच्या अपूर्णांकाऐवजी (कितव्यापैकी कितवी प्रत ते सांगणाऱ्या) अशी अक्षरं असतील तर ती पुसट होण्याआधी फोटो काढून ठेवा. तुमची मालकी सांगणारा पुरावा चित्रावरच लिहिलेला असण्याची ही दुर्मीळ जागा.

हे झालं कागदांचं. पण निव्वळ कागदांनी संग्रह होत नाही. पैसेवाल्या संग्राहकाकडे जे नाही ते तुमच्याकडे काय आहे? तुम्ही ती कामं होताना पाहिलीत.

लिडिया देलेक्टोरस्काया या बाईंची गोष्ट यासाठी माहीत असावी. सायबेरियात जन्मलेली ही निर्वासित मुलगी १९३२ च्या सुमारास फ्रान्समधल्या नीसमध्ये चित्रकार मातिसच्या स्टुडिओत मदतनीस म्हणून लागली. पुढे ती त्याची मॉडेल झाली, सेक्रेटरी झाली, सगळा कारभार तिच्या हाती आला, आणि १९५४ मध्ये तो जाईपर्यंत ती तिथेच होती. १९३५ मध्ये मातिस तिला बसवून 'गुलाबी नग्निका' रंगवत होता. कापलेले रंगीत कागद टाचण्यांनी कॅनव्हासवर लावून तो आकार सरकवत बसे आणि टप्प्याटप्प्यांचे फोटो काढून ठेवले जात. आज ते चित्र बाल्टिमोरच्या संग्रहालयात आहे आणि त्यासोबत त्याचे बावीस टप्पेही अभ्यासता येतात. लिडियाकडे मातिसने दिलेली कामं होती, तिने स्वतः घेतलेलीही होती. ती विकून तिला उरलेलं आयुष्य सुखात काढता आलं असतं. तिने मोठा भाग सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज आणि मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयाला देऊन टाकला. १९३९ मधलं निळ्या ब्लाउजमधलं तिचंच चित्र आज हर्मिटाजमध्ये आहे. मातिसवर काम करणारे अभ्यासक आजही तिच्या नोंदींकडे वळतात. चित्रं संग्रहालयांना दुसरीकडूनही मिळाली असती, ती आठवण दुसऱ्या कोणाकडेच नव्हती.

म्हणून प्रत्येक कामाच्या फाइलमध्ये एक पान स्वतःच्या अक्षरात लिहा. सौंदर्याबद्दल एक शब्द नको, ते समीक्षक लिहितील. कॅनव्हास कोणी ताणला, प्रायमरचे (रंगाखालच्या पायाच्या थराचे) किती हात दिले, कोणता पांढरा वापरला, मधे किती दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं, कोणता भाग खरवडला, हे लिहा. ही माहिती पुढे कुठे उपयोगी पडेल याचा आज अंदाज येत नाही. माझंच सांगते. मी डावखुरी. कॅनव्हास ताणताना कोपऱ्याची घडी माझ्या हाताने उजव्यांच्या उलट्या बाजूला पडते, आणि मी पिना चार बोटांच्या अंतराने मारायचे, कारण मोजपट्टी शोधायचा कंटाळा. सर गेल्यावर बऱ्याच वर्षांनी एका संग्राहकाने मला एक चित्र दाखवायला आणलं. वर्ष टाकलेलं होतं, सही होती, रंगही आमच्या स्टुडिओतलेच वाटत होते. मी ते उलटं केलं. चारही घड्या उजव्या हाताच्या आणि पिना अगदी सारख्या अंतरावर. त्या वर्षभरात स्टुडिओतला एकेक कॅनव्हास मी ताणला होता. एवढ्यावरून चित्र खोटं ठरत नाही, पुढे कोणीतरी पुन्हा ताणलं असू शकतं. पण तपास सुरू झाला तो तिथून, आणि शेवटी ते चित्र मागे घेतलं गेलं. चित्राच्या दर्शनी बाजूने कोणालाच काही सांगता आलं नव्हतं.

इथेच एक निसरडी जागा आहे. अकरा वर्षांत तुम्ही सरांच्या चित्रांत रंग भरले असतील, पार्श्वभूमी केली असेल. पान लिहिताना ते लिहा, पण 'हे खरं तर मी केलं' या सुरात लिहू नका. १६१८ साली फ्लेमिश चित्रकार रुबेन्सने एका इंग्रज गिऱ्हाइकाला चित्रांची यादी पाठवली. कोणतं पूर्ण स्वतःच्या हातचं, कोणतं शिष्याने करून आपण हात फिरवलेलं, असं एकेकापुढे लिहून. प्रोमेथियसच्या चित्रातला गरुड स्नायडर्स या दुसऱ्या चित्रकाराने केलाय हेही त्याने सांगून टाकलं. तरी चित्र रुबेन्सचंच राहिलं. अमेरिकन कलाकार सोल लेविटने तर सुरुवातीची काही सोडली तर भिंतीवर स्वतःचा हात न लावताच भित्तिरेखाटनं केली. रेषा सहाय्यक ओढत, त्याच्या सूचनांवरून. घेणाऱ्याला मिळे ते प्रमाणपत्र आणि आराखडा. भिंत पुसून दुसऱ्या भिंतीवर ते पुन्हा काढता येतं, पण प्रमाणपत्र हरवलं तर हातात काही उरत नाही. कोणाच्या हाताने झालं आणि कोणाचं आहे, हे दोन वेगळे प्रश्न. सहाय्यकाने ते स्वतःच्या मनात आधी वेगळे करावेत. नाहीतर संग्रह करता करता माणूस हिशेब चुकते करायला लागतो. मी तसे दोघे पाहिलेत.

त्याला लागून एक काम आजच करा. तुम्ही स्वतः सरांच्या उरलेल्या रंगांत, त्यांच्या कॅनव्हासच्या तुकड्यांवर काही केलं असेल, केलंच असणार, तर त्यावर पाठीमागे स्वतःचं पूर्ण नाव आणि तारीख टाका. तेच रंग, तेच कापड, हातालाही तेच वळण. तुम्ही नसाल तेव्हा ती कामं सरांची म्हणून विकली जातील आणि सरांची म्हणून विकलेली खरी कामंही संशयात येतील.

आता नवीन घ्यायचं असेल तर. तुम्हाला स्टुडिओतूनच थेट घ्यावंसं वाटेल आणि सरही हो म्हणतील. पण त्यांचा एखाद्या गॅलरीशी करार असेल तर स्टुडिओच्या दारातून झालेली विक्री गॅलरीच्या पाठीमागे झालेली विक्री ठरते आणि भांडण होतं ते सरांचं. गॅलरीला कळवून, तिच्या बिलावर घ्या. सवलत मागायला लाजू नका, ती मिळते. आणि विकायची वेळ आली तर आधी सरांना किंवा त्यांच्या गॅलरीला विचारा. हा कायदा नाही, माझं मत आहे. ओळखीच्या हाताने मिळालेलं काम लिलावाच्या अनोळखी हातोड्याखाली गेलं की स्टुडिओची दारं बंद होतात. तुमच्यासाठी होतातच, तुमच्यानंतर येणाऱ्या पोरांसाठीही होतात. चित्र तुमचं असलं तरी त्याचा कॉपीराइट तुमचा नाही, हेही ध्यानात असू द्या. कॅलेंडरवर छापायचं तर परवानगी लागते.

साठवणुकीचं तुम्हाला मी काय शिकवणार, तुमचा रोजचाच धंदा. फक्त स्वतःच्या घरात आपण स्टुडिओइतकी काळजी घेत नाही एवढं सांगते. कागदावरची कामं भिंतीवर कायमची लावू नका, संग्रहालयं त्यांना पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपासच उजेड देतात आणि काही महिन्यांनी उतरवून ठेवतात. बाहेरच्या भिंतीला टेकवून काहीही ठेवू नका. बुरशी आधी मागून येते.

सगळ्या फाइलींची एक प्रत स्टुडिओच्या नोंदवहीसोबत ठेवायला सरांकडे द्या. उद्या कोणी त्यांच्या समग्र कामांची सूची करायला बसेल तेव्हा तुमची कामं तिथे आपोआप येतील आणि वारसांना ती पहिल्यांदा वकिलाच्या पत्रातून कळणार नाहीत. तुमच्या स्वतःच्या मृत्युपत्रातही या कामांसाठी एक परिच्छेद लिहा. तुमच्या मुलांना त्या कागदांच्या गठ्ठ्यातलं काय महत्त्वाचं हे कळायचं कारण नाही.

एकतीस कामं एकदम घेऊन जाऊ नका, सर बिचकतील. पहिल्या दिवशी फक्त ते कोळशातलं रेखाटन न्या, तुमच्या हातांचं. त्यांना तो दिवस आठवेल, तुम्हाला तेव्हा कशासाठी बसवलं होतं ते आठवेल, आणि ते सही करायला पेन मागतील. पेन देऊ नका, शाई कागदातून पुढे उतरते. २बी पेन्सिल टोक करून खिशात ठेवा, आणि कागद उलटा करण्याआधी खाली ग्लासीन (गुळगुळीत पातळ कागद) पसरा. कोळशावर फिक्सेटिव्ह (कोळसा पुसू नये म्हणून मारायचा फवारा) मारलं होतं की नाही हे एव्हाना तुमच्याही लक्षात नसेल.